दहावीची सुट्टी, तुटणारी मैत्री आणि चळवळीची जबाबदारी

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पेढे भरवणाऱ्या आईबापांची छायाचित्रे छापून येतात. अमक्याला पंच्याण्णव टक्के, तमक्या शाळेचा शंभर टक्के निकाल, असे मथळे झळकतात. वस्तीवस्तीत अभिनंदनाचे फलक लागतात आणि त्या फलकांवर गुणवंत विद्यार्थ्यापेक्षा पुढाऱ्याचाच फोटो मोठा असतो. दोन-चार दिवसांत हा सोहळा आटोपतो. परंतु परीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंतच्या त्या तीन-चार महिन्यांत सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या मनात काय चाललेले असते, याची दखल मात्र कोणी घेत नाही. बौद्ध आणि एकूणच मागासवर्गीय मुलांच्या आयुष्यात हा काळ फार नाजूक असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण जात म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या आपल्या अनेक मुलांना पहिल्यांदा याच काळात कळते. आणि ते कळवणारा कोणी गावचा पाटील नसतो. दहा वर्षे एका बाकावर बसलेला, एका डब्यात जेवलेला मित्रच असतो!

नवी मुंबईचे उदाहरण घेऊ. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि मुंबईची गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नियोजनबद्ध शहर वसवले गेले. सेक्टर पडले, रुंद रस्ते झाले, उद्याने झाली. परंतु हे शहर बांधायला, दगड फोडायला, कारखान्यांत खपायला आणि बाजार समितीत पोती उचलायला जो माणूस मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-साताऱ्याकडून आला, त्याच्यासाठी या नियोजनात जागा नव्हती. तो ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, एमआयडीसीच्या पट्ट्यात आणि डोंगराच्या पायथ्याशी राहिला. दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा, रबाळे, तुर्भे स्टोअर या वस्त्या अशा वसल्या. या वस्त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने आहे. रस्त्याच्या एका बाजूला इमारतींचे सेक्टर आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याची घरे, अशी या शहराची सरळ फाळणी आहे.

दहावीपर्यंत ही फाळणी मुलांना फारशी जाणवत नाही. शाळा ती झाकून ठेवते. वस्तीतला, गावठाणातला आणि सिडकोच्या लहान घरातला मुलगा एकच गणवेश घालतो, एकाच मैदानावर क्रिकेट खेळतो, एकाच शिक्षकाचा मार खातो. शेवटचा पेपर झाला की गणवेश उतरतो आणि झाकलेले सगळे उघडे पडते.

पहिला घाव पैशाचा असतो. सेक्टरमधला मित्र वाशीच्या क्लासला जाऊ लागतो. संध्याकाळी सगळ्यांनी सीवूड्सच्या मॉलमध्ये भेटायचे ठरते. तेथे जाण्यायेण्याचे भाडे, सिनेमाचे तिकीट आणि वर खाणे, असा हिशेब वस्तीतल्या मुलाला परवडत नाही. तो पहिल्या वेळी काहीतरी सबब सांगतो, दुसऱ्या वेळीही सांगतो, तिसऱ्या वेळी त्याला कोणी विचारतच नाही. एप्रिल-मे म्हणजे तुर्भ्याच्या फळबाजारात हापूसचा हंगाम. आपली कित्येक मुले या सुट्टीत तेथे पेट्या उचलायला जातात, कोणी लग्नाच्या हंगामात केटरर्सकडे वाढप्याचे काम करतात, कोणी दुकानात हरकाम्या म्हणून लागतात. कष्टाची लाज वाटण्याचे कारण नाही. पण वाढप्याचे कपडे घालून उभा असताना समोरच्या पंगतीत आपलाच वर्गमित्र पाहुणा म्हणून आलेला दिसला, तर सोळाव्या वर्षी काय वाटते याचा विचार मोठ्यांनी करून पाहावा. मुलगा घरी येऊन काही बोलत नाही. मित्रांचे फोन घ्यायचे बंद करतो. आई म्हणते, पोरगा दमला असेल!

दुसरा घाव अकरावीच्या अर्जाचा. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होतात आणि २०२५ पासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली. मुले अर्ज भरायला घोळक्याने सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात जातात. दुकानदार सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतो, ‘कॅटेगरी कोणती?’ त्या एका प्रश्नाबरोबर घोळक्यातले काही मित्र एकमेकांकडे पाहतात. मग गुणवत्ता यादी लागते आणि जिवलग मित्राच्या तोंडून ते वाक्य येते, ‘तुला काय टेन्शन, तुझं होऊन जाईल!’ बोलणाऱ्याच्या मनात कदाचित वाईट हेतूही नसतो. घरात जे ऐकले ते तो बोलतो. पण ऐकणाऱ्याची दहा वर्षांची मेहनत त्या एका वाक्याने पुसली जाते.

या वाक्याचे उत्तर आपल्या मुलांजवळ तयार असले पाहिजे. अनुसूचित जातींसाठी तेरा टक्के जागा आहेत. परंतु त्याच प्रवेशप्रक्रियेत संस्थेच्या स्वतःच्या शाळेतील मुलांसाठी इनहाउस कोटा आहे, संस्थाचालकांसाठी व्यवस्थापन कोटा आहे, अल्पसंख्याक संस्थांत त्या त्या समाजाचा कोटा आहे. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आहेत. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्याला कोणी ‘तुला काय टेन्शन’ म्हणत नाही! त्याच्या गुणवत्तेची चर्चा होत नाही. राखीव जागा सगळ्यांना आहेत, टोमणा फक्त आपल्याला आहे. हे मुलाला समजावून सांगितले नाही तर तो स्वतःलाच कमी लेखू लागतो, आणि व्यवस्थेला नेमके तेच हवे असते.

तिसरा घाव जातीच्या दाखल्याचा आहे आणि त्याची जखम अधिक खोल आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि जात यांचा पुरावा लागतो, कारण अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे. ज्याचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आले आणि ज्या पणजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्या मुलाने हा पुरावा कोठून आणायचा? मग बाप रजा टाकून गावी जातो, शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये नाव शोधतो, तलाठ्याकडे आणि प्रांत कार्यालयात खेटे घालतो. इकडे मित्रांचे प्रवेश होऊन जातात. शेवटी दाखला हाती येतो तेव्हा त्यावर लहानपणापासून घरात कधी न उच्चारलेला ‘महार’ हा शब्द आपल्या नावापुढे छापलेला मुलाला दिसतो. ‘आपण बौद्ध’ असे ऐकत वाढलेल्या मुलाला याचा अर्थ कोण सांगणार? १९५६ च्या धम्मक्रांतीनंतर बौद्धांच्या सवलती केंद्र सरकारने नाकारल्या, त्यासाठी समाजाला तीन दशकांहून अधिक काळ लढावे लागले आणि १९९० साली, व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना, त्या मिळाल्या. दाखल्यावरचा तो शब्द म्हणजे पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची सरकार दरबारी नोंद आहे. मुलाची ओळख तो शब्द ठरवत नाही. हे सांगायला दहा मिनिटे लागतात. पण ती दहा मिनिटे देणारा माणूस घरात आणि वस्तीत असावा लागतो.

मुलींची स्थिती याहून वाईट आहे. मुलगा मित्रांपासून दुरावतो, तरी वस्तीच्या नाक्यावर उभा राहून चार माणसांत असतो. मुलीची मैत्री दहावीच्या शेवटच्या पेपरला संपते. आई कामाला जाते म्हणून घर, धाकटी भावंडे आणि पाण्याची वेळ तिच्या गळ्यात पडते. कित्येक जणी आईबरोबर सोसायट्यांत धुणीभांडी करायला जातात. ज्या सेक्टरमध्ये वर्गमैत्रीण राहते त्याच सेक्टरमध्ये ही मागच्या जिन्याने कामाला जाते! फोन हाती दिला तर ‘कोणाशी बोलते’ म्हणून पाळत ठेवली जाते. कॉलेज लांब आहे, दिवस वाईट आहेत, असे म्हणत शिक्षण थांबवण्याची भाषा याच सुट्टीत सुरू होते. स्त्रीच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजणाऱ्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या घरांत तरी हे होता कामा नये.

आणि या वयातली मैत्री प्रेमाकडे वळली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. २८ एप्रिल २०१४ रोजी, अशाच सुट्टीच्या दिवसांत, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या आपल्या मुलाची हत्या झाली. वरच्या जातीच्या मुलीशी त्याचे बोलणे होते, एवढेच कारण सांगितले गेले. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. खर्डा खेडेगाव आहे, शहरात असे घडत नाही, असे म्हणणाऱ्यांना जुलै २०१६ मध्ये नेरूळने उत्तर दिले. सिडकोच्या या आधुनिक शहरात अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या दलित मुलाचा मारहाणीत जीव गेला. मुलीशी असलेल्या संबंधांच्या रागातून तिच्या घरच्यांनी ही मारहाण केल्याचा आरोप झाला, अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, पुढारी येऊन गेले. मात्र त्यानंतर आपल्या किती वस्त्यांत मुलामुलींना बसवून या विषयावर मोकळेपणाने बोलले गेले? मुलांना धाक घालणे म्हणजे बोलणे नव्हे. ‘त्यांच्या नादी लागू नको’ एवढेच सांगून मुलगा आणखी एकटा पडतो, आणि संकटात असतानाही घरी काही सांगत नाही.

येथे आम्हाला बाबासाहेबांच्या सोळाव्या वर्षाची आठवण करून द्यावीशी वाटते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव फळ्याकडे गणित सोडवायला निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळू नयेत म्हणून वर्गातील मुलांनी ते धावत जाऊन उचलले. हे मुंबई शहरातील सरकारी शाळेत घडले. अशा वर्गात त्यांना मित्र कोठून मिळणार? शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन एकटेच वाचत बसत. त्या बागेत येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने या मुलाला पाहिले, त्याची चौकशी केली आणि त्याला पुस्तके द्यायला सुरुवात केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, म्हणजे चाळीस टक्केही नव्हते! आजच्या फलकबाज समाजाने त्यांचा फोटो छापला नसता. पण सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या हाती दिले. पुढे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही गुरुजींचा हात होता. एका एकट्या मुलाशेजारी बागेतल्या बाकावर एक माणूस येऊन बसला, आणि १९५६ च्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवरचे एक बीज तेथे पडले. मुलाचे गुण पाहून पाठ थोपटणारे पुष्कळ असतात. केळुसकरांनी मुलाचे एकटेपण पाहिले, ही त्यांची थोरवी आहे.

मैत्रीचे दोन्ही अनुभव बाबासाहेबांच्या वाट्याला आले. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर असताना पारशी धर्मशाळेतून त्यांना जात कळल्यावर हाकलून देण्यात आले. त्या शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. पहिला म्हणाला की तुम्ही आलात तर घरचे नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. बाहेर चालणारी मैत्री घराच्या उंबरठ्यावर अडली. परदेशात शिकून आलेला हा माणूस बागेत झाडाखाली बसून रडला. परंतु याच बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला होता. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला जाताना या भथेनांनीच त्यांना पाच हजार रुपये कर्ज दिले. धर्मशाळेतून हाकलणारे पारशी आणि मदतीला धावणारे भथेनाही पारशी! म्हणून माणूस जातीवरून पारखू नये, वागण्यावरून पारखावा, हा धडा आपल्या मुलांना या दोन प्रसंगांतून देता येतो. टोमणा मारणारा मित्र सोडून द्यावा असे आम्ही म्हणत नाही. त्याला समजवावे. त्याला जयंतीला, विहारात, घरी जेवायला बोलवावे. आला तर तो भथेना आहे. उंबरठ्यावर थांबला तर त्याचे दुःख करू नये, मात्र आपल्यात काही कमी आहे असेही समजू नये.

हा प्रश्न भावनेपुरता नाही. घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की बंधुभाव नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्याच राहतील. स्वातंत्र्य कायद्याने देता येते, समता राखीव जागांनी काही प्रमाणात आणता येते. परंतु दोन सोळा वर्षांच्या मुलांमधली मैत्री कोणताही शासन निर्णय काढून टिकवता येत नाही. तीन तत्त्वे आपण बुद्धाकडून घेतली, असे बाबासाहेब सांगत. बुद्धाच्या शिकवणीत मैत्री हे मूल्य आहे. ती मैत्री तुटते त्या ठिकाणी धम्माचे काम सुरू व्हायला हवे. हैदराबादला रोहित वेमुला, मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्यावर आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण मुलाला एकटे पाडणे विद्यापीठात सुरू होत नाही. ते पुष्कळ आधी, अकरावीच्या अर्जाच्या रांगेत सुरू होते. तेथे त्याच्या पाठीशी कोणी उभे राहिले तर विद्यापीठात जाईपर्यंत तो घट्ट होतो.

येथे आपल्या नोकरदार वर्गाला दोन शब्द सुनावणे भाग आहे. चेंबूर, गोवंडी, वरळीतून निघून नेरूळ, खारघर, ऐरोलीच्या सोसायट्यांत राहायला गेलेला हा वर्ग बाबासाहेबांच्या पुण्याईने उभा राहिला. यातील अनेकांची मुले रस्त्यापलीकडच्या वस्तीतील आपल्याच मुलांना ओळखत नाहीत. आडनावावरून जात कळू नये म्हणून काळजी घेतात, बाबासाहेबांचा फोटो बैठकीच्या खोलीतून आतल्या खोलीत हलवतात. मुलाला वाटते की आपण वाचलो. पण कॉलेजमध्ये दाखला दाखवायची वेळ येतेच, आणि मग इकडचे मित्र दुरावतात व वस्तीशी तर नाते कधी जोडलेलेच नसते. दोन्हीकडून तुटलेले हे मूल वस्तीतल्या मुलापेक्षाही अधिक एकाकी असते. लपवण्याने मुलाचे संरक्षण होत नाही, उलट त्याला लाज शिकवली जाते.

मग काय करायला हवे? मोठा निधी लागत नाही. दाखल्याचे काम निकालानंतर नव्हे, तर मुले नववीत असतानाच सुरू व्हावे. प्रत्येक विहारात त्यासाठी कागदपत्रे तपासून देणारे दोन जाणकार बसवावेत. अकरावीचा अर्ज आपली मुले विहारात बसून भरतील अशी सोय करावी, म्हणजे ‘कॅटेगरी कोणती’ हा प्रश्न त्यांना भर दुकानात ऐकावा लागणार नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. ती अकरावीपासूनच मिळते, हे किती घरांना माहीत आहे? तो अर्जही तेथेच भरून घ्यावा. कॉलेजात शिकणाऱ्या प्रत्येक तरुणाने वस्तीतल्या एका दहावी झालेल्या मुलाची किंवा तरुणीने एका मुलीची जबाबदारी घ्यावी, त्यांना आपल्याबरोबर कॉलेज दाखवून आणावे. सेक्टरमधल्या कुटुंबांनी आपली मुले सुट्टीत आठ-पंधरा दिवस वस्तीच्या अभ्यासिकेत पाठवावीत. ऐरोलीला बाबासाहेबांचे भव्य स्मारक उभे आहे, तेथे ग्रंथालय आहे. दिघ्याहून, रबाळ्याहून ते हाकेच्या अंतरावर आहे. मुलांना तेथे केवळ १४ एप्रिलला फोटो काढायला नेऊ नये. सुट्टीत रोज वाचायला न्यावे, आणि त्यांच्या दुसऱ्या समाजातल्या मित्रांनाही बरोबर घ्यावे. जयंतीच्या डीजेवर खर्च होणाऱ्या पैशांचा चौथा हिस्सा जरी या कामाला लावला, तरी एका वस्तीची वर्षाची अभ्यासिका चालेल.

आपली चळवळ मोर्चाला लाखो माणसे जमवू शकते, हे तिने वेळोवेळी सिद्ध केले आहे. मोर्चे निघालेच पाहिजेत. पण मे महिन्याच्या भर दुपारी पत्र्याच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलासाठी मोर्चाचा उपयोग नसतो. त्याच्यासाठी एका माणसाने घरात शिरून ‘चल, विहारात बसू’ एवढे म्हणणे पुरते. येत्या सुट्टीपर्यंत नवी मुंबईच्या प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक सेक्टरमध्ये असा एक तरी केळुसकर तयार व्हावा. चर्नी रोडच्या बागेत एका मुलाशेजारी माणूस येऊन बसला, त्याचे फळ आज आपण सारे खात आहोत. आता शेजारी जाऊन बसण्याची पाळी आपली आहे.

जय भीम!